जुन्या फोटोतली मोटार कोणती, कधीची?

आमच्या आजोळी एक फोटो आहे. वाड्याच्या दरवाजासमोर टपाची मोटार उभी आहे, तिच्याभोवती फेटे-टोप्यांतली सात-आठ माणसं, फूटबोर्डावर चड्डीतलं एक पोर, आणि मोटारीच्या दाराला हात लावून उभे असलेले तात्या, म्हणजे आईचे आजोबा. "ही तात्यांची रोल्स-रॉइस, १९२२ सालची," असं मोठी मावशी सांगत आली. तिला खोटं पाडायची सोय नव्हती, कारण मोटारीच्या तोंडावर जिथे कंपनीचं नाव असतं, नेमका तिथेच फुलांचा हार पडलाय. हार चांगला हातभर लांब आहे.

नाव झाकलं गेलं हे एका परीनं बरंच झालं. आपण फोटोतली मोटार ओळखायला बसलो की पहिली नजर बिल्ल्यावर जाते, आणि जुन्या फोटोत बिल्ला हीच सगळ्यात कुचकामी गोष्ट असते. तो फोटोत तांदळाएवढा येतो, चमकतो, पुसट होतो. मग डोळे मिचकावून आपण त्यात हवं ते नाव वाचतो. जाणकार माणूस उलटीकडून सुरुवात करतो. आधी काळ, मग देश, मग कंपनी, आणि सगळ्यात शेवटी मॉडेल.

बैल विकत घेताना त्याचं वय दात बघून सांगतात. मालकाचा शब्द कोणी धरत नाही. मोटारीचेही दात असतात: चाकं, दिवे, काच, मडगार्ड. हे भाग ठरावीक काळात ठरावीक पद्धतीने बदलत गेले, आणि कंपनी कुठलीही असो, साधारण एकाच सुमारास बदलले.

चाकांपासून सुरुवात करावी, कारण धूसर फोटोतही ती दिसतात. बैलगाडीच्या चाकासारखे, पण बारीक आणि गुळगुळीत लाकडी आरे असतील, तर मोटार बहुधा विसाच्या दशकातली किंवा त्याच्याही आधीची. सायकलसारखे तारेचे आरे दिसले तर विसाच्या दशकाची अखेर ते तिसाच्या दशकाचा मध्य. त्यानंतर पत्र्याची थाळीसारखी चाकं आली आणि सर्वसाधारण मोटारींत तीच राहिली. अपवाद आहेतच. स्पोर्ट्स गाड्यांना तारेची चाकं पुढे कितीतरी वर्षं होती. म्हणून एका दातावर वय सांगायचं नाही.

दिव्यांची गोष्ट तशीच. अगदी जुने दिवे पितळी, कार्बाइडच्या गॅसवर जळणारे. फोर्डच्या मॉडेल टीला विजेचे पुढचे दिवे १९१५ मध्ये आले. नंतर बराच काळ दिवे म्हणजे वेगळे वाडगे, दोन मडगार्डांमधल्या आडव्या दांडीवर बसवलेले. तिसाच्या दशकात ते लांबट होत गेले, मडगार्डाला चिकटले, आणि १९३७ च्या फोर्डमध्ये तर मडगार्डाच्या आतच शिरले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फोटोत दिवा सुटा उभा दिसला तर मोटार युद्धाआधीची असं बहुधा समजावं.

पुढची काच आधी सपाट आणि उभी, मग जरा मागे कललेली, मग मधोमध पट्टी असलेली दोन तुकड्यांची, आणि पन्नासच्या दशकात सरसकट एकसंध, वळवलेली. मडगार्ड आधी पाटासारखं, चाकाच्या वर नुसतं वाकवलेलं. बाजूने उघडं, आतला चिखल दिसावा असं. १९३२-३३ च्या सुमारास त्याला बाजूने पत्र्याची झालर आली. पुढे मडगार्ड फुगत गेलं आणि अंगात मुरत गेलं. १९४९ च्या फोर्डमध्ये मडगार्ड म्हणून वेगळं काही उरलंच नाही आणि फूटबोर्डही गेला. नवरदेवाने ज्यावर पाय ठेवून फोटो काढावा तो फूटबोर्ड चाळीसच्या दशकातच आकसत चालला होता.

हे सगळं बघून एकच नियम लक्षात ठेवायचा. फोटोतली सगळ्यात नवी वस्तू जेव्हा बाजारात आली, त्याआधीचा तो फोटो असू शकत नाही. मोटार एवढंच सांगते. त्यानंतर किती वर्षांनी फोटो काढला, हे मोटारीला माहीत नसतं. आपल्याकडे तर एकेक गाडी तीस-चाळीस वर्षं सहज चालायची. मिस्त्री पुण्याचा, सुटा भाग मुंबईचा, टप गावातल्या शिंप्याने शिवलेला.

आता आमच्या फोटोकडे. चाकांना तारेचे आरे. काच सपाट, उभी. मडगार्ड बाजूने उघडं. दिवे वाडग्यासारखे, दांडीवर. पुढे बंपर, आणि तो दोन आडव्या पट्ट्यांचा, मध्ये फट. एवढ्यावर १९२८ ते १९३२ हा पट्टा हाती आला, आणि मावशीचं १९२२ तिथेच गळालं.

कंपनी मात्र यातून ठरेना. दोन पट्ट्यांचे बंपर त्या काळात इतरांनीही लावले होते. भिंग घेऊन फोटोवर बसलो तेव्हा एक चीज सापडली. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेट संपून काच सुरू होते त्या मधल्या पत्र्यावर, बरोबर मधोमध एक लहान गोल झाकण. मला आधी ती कुणीतरी ठेवलेली पानाची डबी वाटली. ती डबी नव्हती, पेट्रोल भरायचं झाकण होतं.

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. आज आपण गाडीच्या मागच्या कुशीत पेट्रोल भरतो. फोर्डच्या मॉडेल एमध्ये टाकी काचेच्या पुढे, बसणाऱ्यांच्या गुडघ्यांसमोर होती. कारण सोपं. टाकी उंचावर असली की पेट्रोल आपोआप खाली कार्बोरेटरकडे उतरतं, पंप लागत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं तसंच. त्यामुळे पेट्रोल भरताना गाडीच्या नाकाकडे, काचेसमोर नळी धरावी लागे. तारेची चाकं, दोन पट्ट्यांचा बंपर आणि काचेपुढचं हे झाकण एकत्र दिसलं की मॉडेल ए सोडून दुसरं नाव घ्यायला फारशी जागा राहत नाही.

मॉडेल ए १९२७ च्या डिसेंबरमध्ये लोकांसमोर आली आणि १९३१ पर्यंत बनली. तीतही दोन पिढ्या आहेत. १९२८-२९ ची चाकं मोठी, रिम २१ इंची, आणि बॉनेट व काच यांच्यामधल्या पत्र्याला एक वळणदार पायरी. १९३०-३१ ची चाकं १९ इंची, नाकाशी असलेल्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरची चौकट जरा उंच, आणि बॉनेटची रेषा पायरी न घेता सरळ काचेपर्यंत जाते. आमच्या फोटोत रेषा सरळ जाते. म्हणजे १९३०-३१. १९३० की १९३१ हे रेडिएटरच्या चौकटीवरच्या रंगवलेल्या खोलगट पट्टीवरून कळू शकतं, पण तिथे हार आहे. हार घालणाऱ्या माणसाला माझा दंडवत.

रोल्स-रॉइस नाही हे तर फार आधीच उघड व्हायला हवं होतं. रोल्सचं रेडिएटर वरून ग्रीक देवळाच्या शिखरासारखं, कोनदार आणि धारदार असतं. हाराच्या दोन्ही बाजूंनी डोकावणारी आमची चौकट गोलसर खांद्यांची आहे. आणि साधा हिशेबही होता. मॉडेल ए चार-पाच वर्षांत जगभरात ४० लाखांहून जास्त खपली. तिच्या आधीची मॉडेल टी दीड कोटीच्या घरात. तालुक्याच्या गावातल्या फोटोत रोल्स असण्यापेक्षा फोर्ड किंवा शेवरोले असण्याची शक्यता किती पट जास्त, हे सांगायला गणित नको. घरोघरच्या आठवणीत मात्र रोल्सच असते. संस्थानिकांच्या गाड्यांचा हा परिणाम असावा. कोल्हापूरच्या दसऱ्याला अजूनही छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते आणि लोक ती बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. मोठ्या माणसाची मोटार मोठीच असणार, असं आपल्या मनात बसलेलं असतं.

फोटो बरोबर कुशीतून काढलेला असेल तर पट्टी घेऊनही काम होतं. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि त्याला टायरच्या पूर्ण उंचीने भागा. फोटो लहान असो की मोठा, भागाकार तोच येतो. मॉडेल टीचं हे अंतर १०० इंच आणि टायर ३० इंची, म्हणजे सव्वातीनच्या थोडं वर. चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनचं ७५ इंच आणि टायर २६ इंची, म्हणजे तीनच्याही खाली. मोठ्या रोल्सचा आकडा चारच्या वर जातो. मोटार तिरकी उभी असेल तर हा हिशेब करू नये. आमची तिरकी आहे, म्हणून मी केला नाही.

देश ओळखायला स्टिअरिंग बघतात, पण आपल्याकडे त्यात एक गंमत आहे. फोर्ड अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे असायला हवं. आमच्या फोटोत ते उजवीकडे आहे. कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांना उजव्या स्टिअरिंगच्या फोर्ड गाड्या कॅनडातून यायच्या. हिंदुस्थानातली फोर्डची कंपनीही १९२६ साली निघाली ती कॅनडाच्या फोर्ड कंपनीची शाखा म्हणून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत सुट्या भागांतून गाड्या जोडायला सुरुवात केली. म्हणून त्या काळातल्या आपल्याकडच्या फोटोंत शेवरोले इतक्या दिसतात. दोन्ही कंपन्यांनी १९५४ च्या सुमारास इथलं काम बंद केलं. इथे गाड्या जोडण्याचा एक उपद्रवही आहे. कित्येकदा परदेशातून नुसता सांगाडा आणि इंजिन यायचं आणि वरचा डोलारा इथले कारागीर बांधायचे. अशी गाडी कुठल्याच अमेरिकन कॅटलॉगमध्ये सापडत नाही. तेव्हा दारं-खिडक्या सोडून द्याव्या आणि रेडिएटर, चाकं, बंपर यांवरच विसंबावं.

स्टिअरिंग डावीकडे दिसलं तर लगेच फोटो परदेशातला असा निष्कर्ष काढू नका. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली असू शकते. पुरुषांच्या कोटाचा खिसा बघा, तो डाव्या छातीवर असतो. मनगटी घड्याळ बघा. मागे दुकानाची पाटी असेल तर प्रश्नच मिटला.

नंबरप्लेट दिसत असेल तर ती सोन्याची. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रांतवार इंग्रजी अक्षरांचे गट ठरवून दिले, आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे. मुंबईच्या जुन्या गाड्यांवर दिसणारी 'बीएम'ने सुरू होणारी तीन अक्षरं त्यातलीच. आज आपल्याला ओळखीची असलेली एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ च्या नियमांनंतरची. संस्थानांच्या आपापल्या पाट्या असत, काहींवर संस्थानाचं पूर्ण नाव. शिवाय हे विसरू नये की मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता आणि नागपूर मध्य प्रांतात, त्यामुळे तिकडच्या आजोबांच्या गाडीवर मुंबईची अक्षरं शोधू नयेत. आमच्या फोटोत प्लेटच्या पुढे एका माणसाचे पाय आहेत.

युद्धाच्या वर्षांचा फोटो असेल तर तो स्वतःच बोलतो. दिव्यांवर काळी झाकणं आणि त्यात नुसती चीर, मडगार्डाच्या कडेला पांढरा रंग. ही ब्लॅकआउटची तयारी. मागे बंबासारखी टाकी लावलेली असेल तर ती कोळशाच्या गॅसवर चालणारी गाडी, पेट्रोलचं रेशनिंग होतं त्या काळातली.

स्वातंत्र्यानंतरचा फोटो असेल तर काम निम्म्याने सोपं होतं, कारण इथे बनणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मुंबईच्या लोकांना 'डुक्कर फियाट' सांगायला नको. पन्नासच्या दशकातली ती गोलमटोल, पुढे मुस्काट काढलेली फियाट ११००. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरं मागच्या बाजूला. दार उघडं असलेला फोटो असेल तर ओळख पाच सेकंदांत. हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर आणि तिच्यानंतरची ॲम्बॅसेडर यांत घोळ होतो. लँडमास्टरची पाठ गोल उतरते, ॲम्बॅसेडरला मागच्या दिव्यांपाशी छोटे कल्ले आहेत आणि पुढच्या दिव्यांवर भुवईसारखी कड. ॲम्बॅसेडर १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली, म्हणून नुसतं 'ॲम्बॅसेडर' एवढं कळून साल कळत नाही. तिथे तोंडावरच्या जाळीचे प्रकार बघावे लागतात. कुर्ल्याला प्रीमियरने जोडलेल्या डॉज, प्लिमथ आणि डीसोटो या तर एकाच घरातल्या सख्ख्या बहिणी. अंग एकच, तोंडावरची जाळी आणि बिल्ला वेगळा. तोंड दिसत नसेल तर तिघींपैकी एक म्हणून सोडून द्यावं.

रंगाविषयी कुणी छातीठोक सांगू लागलं तर थांबवा. १९३० च्या आसपासच्या साध्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा जास्त दिसे. म्हणून मरून गाडी काळीकुट्ट येते, निळी फिकट येते, आणि आकाश कोरं पांढरं. "तात्यांची गाडी काळी होती" हे मावशीने फोटो बघूनच ठरवलेलं. भिंगातून बघितलं तर मडगार्ड गाडीच्या अंगापेक्षा गडद आहेत. मॉडेल एची मडगार्ड काळीच असत, तेव्हा अंग काळं नसून दुसऱ्या कुठल्या तरी रंगाचं होतं, एवढंच म्हणता येतं.

एक फसगत खास आपल्याकडची. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे लाकडी फळीवर रंगवलेली मोटार असे आणि तिच्यामागे बसून माणसं फोटो काढत. चाकांची सावली जमिनीवर पडलीय का, एवढं बघितलं तरी कळतं. दुसरी फसगत आजची. फोटो स्पष्ट करून देणारं एक ॲप मी वापरून बघितलं, तर त्याने हाराच्या फुलांची छान चकचकीत जाळी करून टाकली आणि वर एक बिल्लाही बसवला, कुठल्याच कंपनीचा नसलेला. असली ॲप्स नसलेलं दाखवतात. त्यापेक्षा फोटो चौकटीतून काढून, मोबाइलने टिपण्याऐवजी स्कॅनरवर ६०० किंवा १२०० डीपीआयला स्कॅन करा. मुंबईला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९ पासूनची संस्था आहे, आणि जुन्या गाड्यांची रॅली निघते तिथे गाड्या पुसत उभे असलेले मालक असतात. त्यांना छापील प्रत दाखवली की ते हातातलं फडकं टाकून बोलायला लागतात. फक्त 'व्हिंटेज' शब्द जपून वापरा. शौकिनांच्या लेखी व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० च्या घडणीची, आणि आपल्या सरकारच्या २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली. सरकारला पन्नाशी गाठलेली प्रीमियर पद्मिनीही व्हिंटेज, शौकिनांना १९३१ ची फोर्डही नाही.

गाडी ठरली, पण फोटो कधीचा? तो पालथा घातल्यावर उत्तर मिळालं. पाठीवर पेन्सिलीने मोडीत दोन ओळी होत्या. मोडी वाचणाऱ्या एका काकांनी त्या लावून दिल्या: "शके १८५७ वैशाख". शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९), म्हणजे १९३५ चा मे महिना. फूटबोर्डावरचं पोर म्हणजे आमचा धाकटा आजोबा, जन्म १९३० चा. पाच वर्षांचं पोर तेवढंच दिसतं. तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या तारखा एकमेकींना धरून आहेत.

मग उरलं मालकीचं. वैशाख आणि हार, म्हणजे लग्न. तात्यांच्या जमाखर्चाच्या चोपड्या माळ्यावर होत्या. शके १८५६ ते १८५८ अशी तीन वर्षं मी चाळली. बैलांची सरकी आहे, पेंड आहे, नालबंदी आहे, चाकाला धाव बसवल्याची मजुरी आहे. पेट्रोलचा एक पैसा कुठे खर्ची पडलेला नाही, टायरचा नाही, मोटारीच्या कराचा नाही. ज्याच्या दारात मोटार असते त्याच्या चोपडीत असं होत नाही.

मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग दाराला हात कशाला लावलाय त्यांनी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तिच्या प्रश्नामुळे मी दाराकडे पुन्हा नीट बघितलं. टपाच्या सावलीत, स्टिअरिंगमागे एक माणूस बसलेला आहे. डोक्यावर टोपी, चेहरा अर्धा अंधारात. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल कुणीच विचारलं नव्हतं.

फोटो आता कागदी पाकिटात ठेवलाय आणि पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहिलंय: फोर्ड मॉडेल ए, उघडी, १९३०-३१ ची. फोटो वैशाख शके १८५७, मे १९३५. गाडी बहुधा लग्नासाठी आणलेली, आपली नाही. गाडी चालवणारा: नाव शोधायचं आहे.